लाल टोपीची सुई

“मॅडम, लवकर या! लोक काउंटरची काच फोडतायत!”

फोन हॉस्पिटलच्या मॅनेजरचा, देवेशचा होता. आधी काच, मग खुर्च्या, मग कॉम्प्युटर. पेशंट मेल्याचं त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं. एपीआय प्रेमा घाडीगावकरने फोन ठेवला.

“चला अंबादास. काच वारली म्हणे,” ती हवालदाराला म्हणाली.

घाटकोपर पूर्वेला, हायवेच्या बाजूचं ते खाजगी हॉस्पिटल. तिसऱ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या वॉर्डात पोचल्यावर सगळं हळूहळू कळलं. गेलेला माणूस गुणाजी राऊळ. भटवाडीत राहणारा, जुना गिरणी कामगार. पायाच्या जखमेसाठी दाखल झालेला. मधुमेह जुना आणि किडनीही थकलेली, पण जखम भरली होती आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. दुपारी दोन घास खाऊन तो झोपला, तो उठलाच नाही. मुलगा सुयोग चहा घेऊन आला, तेव्हा बापाचं अंग घामाने थंडगार पडलेलं होतं. डॉक्टर धावले. रक्तातली साखर इतकी खाली गेली होती की मशीनने आकडाच दाखवला नाही. संध्याकाळी सगळं संपलं.

सुयोग जिन्यात बसला होता. काच त्यानेच फोडली होती आणि हात तसाच रक्ताळलेला होता.

“दुपारी बाबा फोनार बोललो माझ्याशी. उद्या घराक येतलंय म्हणालो, कुर्ल्यांचो रस्सो करून ठेव म्हणालो,” एवढंच तो परत परत सांगत होता.

“गप रव,” प्रेमा म्हणाली. तिचं माहेर कणकवलीचं. “मी बघतंय.”

वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या किरण मांजरेकर. अंबाडा चापूनचोपून, आवाज शांत. इतक्या गोंधळात त्यांच्या गणवेशावर एक चुणी नव्हती.

“हे गुणाजी कोणाचे पेशंट?”

“सेराफिना डिमेलोचे. सकाळच्या पाळीला होती ती.”

“झालं काय?”

“इन्सुलिन जास्त गेलं. शंभरच्या बाटलीला लाल टोपीची सुई लावली तिने, दुसरं काय! आणि गंमत बघा, हीच बाई भर मीटिंगमध्ये आम्हाला अक्कल शिकवत होती.”

“देताना बघितलंत तुम्ही?”

“मी कशी बघणार? आम्ही सगळ्या पॅन्ट्रीत जेवत होतो. मी, टिना, अपूर्वा. वॉर्डात ती एकटी होती.”

“ती का नव्हती जेवायला?”

“तिला नाही आवडत आमच्यात,” किरण सिस्टर म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघायला लागल्या.

प्रेमाने गुणाजीच्या खाटेपाशी वाकून बघितलं. चादर बदललेली, फरशी पुसलेली. पण फडकं फिरवणारा माणूस लॉकर हलवत नाही, हे तिला घरच्या अनुभवावरून ठाऊक होतं. लॉकर सरकवल्यावर मागच्या चाकाला अडकलेलं एक इवलंसं प्लास्टिकचं टोपण निघालं. लाल. तिने ते पिशवीत घातलं.

“कुणाला बोलू नका,” ती अंबादासला म्हणाली.

बाहेर देवेश वाट बघत होता. “सरळ केस आहे मॅडम. तिला सस्पेंड केलंय. तुम्ही उद्या तिचं नाव एफआयआरमध्ये घ्या, म्हणजे पब्लिक शांत होईल.”

“पब्लिक शांत करायला मी माणसं आत टाकत नाही,” प्रेमा म्हणाली. “त्यासाठी तुम्ही काच बसवून घ्या.”

*

मरोळ गावठाणात, क्रूसाच्या पलीकडे सेराफिनाचं घर होतं. ओट्यावर तिची म्हातारी आई लसूण सोलत बसली होती. पोलिसाची जीप बघून तिने सोललेला लसूण सालपटांत टाकला आणि सालपटं ताटात ठेवली.

सेराफिना पस्तिशीची, हडकुळी. रडून झालेलं होतं. तिने आधी स्वतःच प्रश्न विचारला.

“मॅडम, माझं रजिस्ट्रेशन जाणार का?”

“तुम्ही सुई दिली असेल तर तेही जाईल आणि तुम्हीही जाल. दिलीत का?”

“नाही.”

“मग लाल टोपी म्हणजे काय, ते मला समजावून सांगा. मला कळेल असं.”

सेराफिनाने डोळे पुसले. “इन्सुलिनची बाटली दोन प्रकारची येते. चाळीसची पातळ, शंभरची दाट. ताकाचं कसं, एक पातळ, एक घट्ट. चाळीसच्या सुईला लाल टोपी, शंभरच्या सुईला नारिंगी. दाट औषध लाल सुईत भरलं की आकडे बरोबर दिसतात आणि औषध अडीचपट जातं. आमच्याकडे बाटल्या शंभरच्या आणि ड्रॉवरमध्ये सुया दोन्ही रंगांच्या. खरेदीवाल्यांनी कुठूनतरी स्वस्तात लाल उचलल्या. मी किरण सिस्टरना सांगितलं, सांगितलं, सांगितलं. शेवटी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलले.”

“मग?”

“मग काय! किरण सिस्टरना मेमो मिळाला, सगळ्यांच्या सुट्ट्या बंद झाल्या. लाल सुया परत पाठवल्या असं सिस्टरनी वर सांगितलं. आणि माझी वाट लागली.”

“म्हणजे नक्की काय झालं?”

“जेवायला बोलवायचं बंद झालं. माझा चहाचा मग सिंकखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी गेला. ग्रुपमधून काढलं, त्यामुळे ड्युटी बदलली की मला कळायचंच नाही. मी आले की बोलणं थांबायचं. मला ‘नारिंगी’ म्हणतात, कारण माझ्या ट्रेमध्ये मी फक्त नारिंगी सुया ठेवते, बँडेजने बांधून. टिना तर याच गावठाणातली, माझ्याच चर्चची. रविवारी माझ्या शेजारच्या बाकावर बसते आणि सोमवारी ओळख देत नाही.”

ओट्यावरून म्हातारी ओरडली, “त्या टिनाला मी न्हाऊमाखू घातलंय!”

“आई, तू गप.”

“काल दुपारी काय झालं?” प्रेमाने विचारलं.

“इन्सुलिनला नियम आहे. दोघींनी मिळून बघायचं, मगच द्यायचं. एक भरते, दुसरी तपासते. मी भरून ठेवली आणि पॅन्ट्रीचं दार ढकललं. डबे उघडायचेच होते अजून. मी म्हटलं, ‘जेवायला नका बोलावू, पण सुईला या कुणीतरी. एक मिनिट लागेल.’ कोणी मान वर केली नाही. आमच्याकडे रोज असंच. मी रोज वरच्या लेडीज वॉर्डात जाते, तिथली एखादी दया करते. कालही ट्रे घेऊन वर गेले.”

“आणि?”

“काल कोणी आलं नाही. परत खाली आले, तर बाबा म्हणाले, ‘झाली सुई. आताच टोचून गेली पोर.’”

“कोण पोर?”

“मी विचारलं नाही.”

“विचारलं का नाही? पेशंट तुमचा!”

सेराफिनाने हातातल्या रुमालाला पीळ दिला. “मॅडम, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझं काम कोणीतरी केलं होतं. मला इतकं बरं वाटलं! वाटलं, जिने केलं तिला लपून करायचं असेल. विचारत बसले तर उद्या परत करणार नाही. मी माझी भरलेली सुई फेकून दिली. सही जिने दिली ती करेल म्हटलं. ती कोणी केलीच नाही.”

“पुढे?”

“पुढे काही नाही. किरण सिस्टर स्वतः माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘जा गं लवकर घरी, आईला बरं नसतं ना तुझ्या. तुझे पेशंट मी बघते.’ टिनाने लिफ्टचं दार धरलं माझ्यासाठी. काल सगळ्याच चांगल्या वागल्या.” तिने वर बघितलं. “तेव्हाच कळायला हवं होतं मला.”

*

प्रेमाने त्या दिवशी हॉस्पिटलात एकेकीला वेगळं बसवलं. सुरुवात वरच्या लेडीज वॉर्डापासून केली.

“सेराफिना आली होती का काल?”

तिथल्या सिस्टरने आधी मागे वळून बघितलं. मग हळूच म्हणाली, “आली होती. ट्रेमध्ये भरलेली सुई होती. नारिंगी.”

“तुम्ही तपासायला का नाही गेलात?”

“रोज कोण पंगा घेणार मॅडम? किरण सिस्टरना कळलं असतं तर मलाही ग्रुपमधून काढलं असतं.”

माणूस मेला आणि ही बया ग्रुपची काळजी करतेय! प्रेमाने दात आवळले आणि ती खाली आली.

गुणाजीच्या शेजारच्या खाटेवर रोझारिओ अंकल होते. कमरेला पट्टा, उताणे पडलेले. त्यांना उठता येत नव्हतं, पण कान शाबूत होते.

“सुई टोचताना तुम्ही कोणाला पाहिलंत?”

“पडदा ओढला होता. फक्त आवाज आला. ‘बाबा, पटकन’, एवढंच.”

“सेराफिनाचा आवाज?”

“छे! ती आधी नाव विचारते. रोज. माणूस तोच, खाट तीच, तरी ‘पूर्ण नाव सांगा’. गुणाजी वैतागायचा. म्हणायचा, ‘अगे बाय माझे, लगीन लावतंस काय माझा, दर येळाक नाव इचारतंस?’” अंकल हसले. “काल कोणी नाव नाही विचारलं.”

“आणखी कोणी आलं होतं?”

“ते बरं आठवलं! मॅडम, जरा पंख्याचं सांगा यांना. सेराफिना गेल्यावर किरण सिस्टर आली, पंखा फुल करून गेली. थोड्या वेळाने परत आली, गुणाजीकडे बघून गेली. माझ्याकडे कोण बघतंय? मी काकडलो थंडीने.”

“किरण सिस्टर नेहमी येतात खाटेपाशी?”

“ती? ती दारातून राऊंड घेते, राणीसारखी.”

अंबादास तोवर सुयांच्या ड्रॉवरपाशी गेला होता. त्याने पुढची, नवीच भरलेली नारिंगी पाकिटं बाहेर काढली, मग कापसाच्या गुंडाळ्या. त्यामागे अगदी तळाला लाल टोप्यांची पाकिटं होती. एक फोडलेलं. परत पाठवलेल्या सुया ड्रॉवरच्या पाठीमागे झोपल्या होत्या.

टिना आली तीच मुळी वैतागून. “मी काय सांगू? आम्ही जेवत होतो.”

“सगळ्या?”

“सगळ्या. आमचं असं आहे, डबे मध्ये ठेवायचे, सगळ्यांनी बसायचं, मग उघडायचे. एकमेकींच्या डब्यातलं खायचं.”

“मजा आहे. काल काय काय होतं?”

टिनाला हसू आलं. हसावं की नाही हे कळेपर्यंत ते येऊनही गेलं. “काल फजिती झाली माझी. सकाळी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, आज फुगे आणलेत, आमच्याकडचे, तळलेले. आणि डबा उघडते तर आत पोराचा ब्रेड-जॅम! डबे बदलले घरी. माझे फुगे शाळेत गेले. किरण सिस्टर तर हसून हसून ठसका लागेपर्यंत हसल्या.”

“मग खाल्लात काय?”

“ब्रेड-जॅम! दोन मिनिटांत फस्त.”

“सेराफिनाने दारात येऊन सुईला बोलावलं. ऐकलंत?”

टिनाचं हसू पार गेलं. “ऐकलं.”

“गेला का नाहीत?”

“कोणीच नाही गेलं,” टिना म्हणाली. हे उत्तर नव्हतं, पण प्रेमाने ते घेतलं.

अपूर्वा सगळ्यात लहान. वर्षाचीही नोकरी झाली नव्हती. कालपासून तिला ताप होता म्हणे, तरी कामावर आली होती. ओठ सुकलेले.

“बस गं. घाबरू नकोस. जेवायला कोण कोण होतं?”

“सगळ्या. किरण सिस्टर, टिनाताई, मी. सगळा वेळ. कोणीही उठलं नाही.”

“काय होतं डब्यात?”

“माझी मुगाची उसळ. किरण सिस्टरची कोबीची भाजी. आणि टिनाताईंचे फुगे. मी दोन खाल्ले. झकास होते.”

“बरं,” प्रेमा म्हणाली. “सेराफिना कशी आहे गं?”

“चांगली आहे,” अपूर्वा पटकन बोलून गेली. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. “म्हणजे… स्ट्रिक्ट आहे. मला सलाईन लावायला तिनेच शिकवलं.”

“आणि आता तिच्याशी बोलतेस?”

“कोणीच बोलत नाही ना.”

शेवटी किरण सिस्टर.

“लाल सुया वॉर्डात होत्या?”

“मुळीच नाही. मी मागेच परत पाठवल्या. मॅनेजमेंटला तसं कळवलंय मी.”

“मग सेराफिनाकडे कुठून आली?”

“ठेवली असेल लपवून. आम्हाला खोटं पाडायला. तुम्ही ओळखत नाही तिला.”

“गुणाजींना दुपारी तुम्ही बघितलं होतं?”

“नाही. मी माझ्या टेबलावर होते.”

प्रेमा उठली. “अंबादास, सेराफिनाला बोलवून घ्या. देवेश साहेबांना आणि सुयोगलाही. सगळे पॅन्ट्रीत. जेवायच्या वेळेला.”

*

पॅन्ट्री एवढीशी. मध्ये सनमायक्याचं टेबल, त्यावर चहाचं सामान आणि साखरेची बरणी. सेराफिना दारातच थांबली. सवयच तशी लागली होती.

“आत या,” प्रेमा म्हणाली. “आज तुम्हाला मी बोलावलंय.”

टिनाने खुर्ची सरकवली. कोणी कोणाकडे बघितलं नाही. सुयोग भिंतीला टेकून उभा राहिला, हाताला बँडेज.

प्रेमाने खिशातून पिशवी काढली आणि लाल टोपण टेबलावर ठेवलं.

“हे गुणाजींच्या लॉकरखाली सापडलं. किरण सिस्टर, मी हे तुम्हाला आज पहिल्यांदा दाखवतेय. बरोबर?”

“हो.”

“पण काल, हे मला सापडायच्या आधीच, तुम्ही मला सांगितलंत की लाल टोपीची सुई वापरली गेली. डॉक्टर फक्त साखर उतरली म्हणत होते. साखर काय कशानेही उतरते. डोस चुकला, पेशंट चुकला, पेशंट जेवला नाही. तुम्ही नेमकं लाल म्हणालात. आणि लाल सुया तर तुमच्या मते वॉर्डात नव्हत्याच!”

किरण सिस्टरनी पदर नसलेल्या खांद्यावरून हात फिरवला. “अंदाज होता माझा.”

“ठेवू तो बाजूला. आधी सुई कोणी दिली ते बघू. सेराफिना नारिंगी सुई भरून वर गेली होती. वरच्या सिस्टरने ती पाहिली. त्याच वेळात इथे कोणीतरी पडदा ओढून, नाव न विचारता, ‘बाबा, पटकन’ म्हणून गुणाजींना टोचलं. गुणाजी ‘पोर’ म्हणाले. सेराफिना कोणालाही नाव विचारल्याशिवाय टोचत नाही, म्हणून तर वॉर्ड तिला हसतो. तेव्हा ती नाही. मग उरल्या तुम्ही तिघी. आणि तुम्ही तिघी म्हणता, आम्ही सगळ्या इथे होतो, डबे मध्ये ठेवून. डबे उघडताना सगळ्या असतातच, ही तुमची रीत.”

ती वळली.

“अपूर्वा, टिनाच्या डब्यात काय होतं?”

“फुगे,” अपूर्वा म्हणाली.

टिनाने डोळे मिटून घेतले.

“फुगे शाळेत गेले गं,” प्रेमा म्हणाली. तिचा आवाज नको तितका मऊ झाला होता आणि त्याचा तिलाच राग आला. “डब्यात पोराचा ब्रेड-जॅम निघाला. सगळ्या पोट धरून हसल्या. तू सकाळचं ऐकून सांगतेयस. डबा उघडला तेव्हा तू इथे नव्हतीस.”

अपूर्वाने तोंडावर हात ठेवला. रडणं आधी आवाजाशिवाय आलं, मग आवाजासकट.

“मी हात धुवून येते म्हणून गेले,” ती म्हणाली. “सेराफिना सिस्टर दारात उभी होती ना, मला बघवेना. रोज वर जाते ती, रोज! मला वाटलं, ती यायच्या आत पटकन देऊन टाकू, कोणाला कळणारही नाही. तिचं काम होईल. फ्रिजमधून बाटली घेतली, ड्रॉवरमधून सुई घेतली. पुढची पाकिटं संपली होती, मागचं फोडलं. टोपी काढून टाकली आणि टोचली. सुई फेकताना टोपीचा रंग आठवला.”

“मग?”

“धावत इथे आले. किरण सिस्टरच्या कानात सांगितलं.”

“त्या काय म्हणाल्या?”

अपूर्वाने किरण सिस्टरकडे बघितलं. इतकं सगळं होऊनही तिची नजर आधी परवानगी मागत होती.

“‘बस. जेव. म्हातारा जेवलाय, काही होत नाही. तोंड उघडलंस तर तुझी पण नारिंगी होईल.’”

सेराफिनाच्या तोंडून “अपूर्वा, तू?” एवढंच निघालं. त्यात राग नव्हता, हेच ऐकवत नव्हतं.

“मी पोरीला वाचवत होते!” किरण सिस्टर एकदम उसळल्या. “एका चुकीने आयुष्य गेलं असतं तिचं!”

“खोटं,” प्रेमा म्हणाली. “पोरीला वाचवायचं असतं तर तुम्ही म्हाताऱ्याला वाचवलं असतं. तो वाचला असता तर हीही वाचली असती, एक मेमो खाऊन. तुम्ही वाचवला तुमचा ड्रॉवर. लाल सुया परत पाठवल्या असं खोटं वर सांगितलं होतं तुम्ही. अपूर्वाची चूक उघड झाली की ते उघड होणार. म्हणून आधी तुम्ही सेराफिनाला घरी पाठवलंत, गोड बोलून. का? कारण वॉर्डात एकच बाई अशी होती जिने म्हाताऱ्याचा घाम बघून साखर तपासली असती आणि हॉस्पिटल डोक्यावर घेतलं असतं. ओरडणारी बाई तुम्ही बाहेर काढलीत.”

“मला काय माहीत त्याला घाम येत होता? मी टेबलावर होते!”

“मग पंखा कोणी वाढवला? रोझारिओ अंकल अजून शिव्या देतायत. तुम्ही दोनदा खाटेपाशी गेलात. घाम बघितलात आणि पंखा फुल केलात. साखर तपासली नाहीत, कारण मशीनमध्ये आकडा राहतो. आकडा दिसला असता तर बोलावं लागलं असतं.”

किरण सिस्टर खाली बसल्या. पहिल्यांदाच त्यांचा अंबाडा सुटायला आला होता.

“मला वाटलं नव्हतं मरेल,” त्या म्हणाल्या.

भिंतीपाशी उभा सुयोग टेबलाजवळ आला. आता त्याने विचारलं, “साखर दिली असती तर… तेवढ्यानं वाचलो असतो तो?”

“बहुतेक. जागा होता तोवर,” सेराफिना म्हणाली. “पाण्यात कालवून. नंतर सलाईनमधून.”

“कसली साखर?”

“साधी. घरातली.”

सुयोगने टेबलावरच्या बरणीकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. काल त्याच बरणीसमोर बसून तिघी जेवल्या होत्या.

टिना हुंदके द्यायला लागली. “मी अपूर्वाला कानात बोलताना बघितलं. काय ते विचारलं नाही. विचारलं नाही मी.”

“त्याला कलम नाही,” प्रेमा कडवटपणे म्हणाली. “असतं तर अर्धं हॉस्पिटल नेलं असतं.”

देवेशने खाकरून बघितलं. “मॅडम, मॅनेजमेंटला यातलं काहीच…”

“लाल सुया विकत कोणी घेतल्या, देवेश साहेब? तुमच्याकडेही यायचंय मला. काच बसवून ठेवा.”

*

किरण सिस्टरना आणि अपूर्वाला त्याच दुपारी नेलं. चूक कोणाची किती, याबद्दल डॉक्टरांच्या बोर्डाचं मत यायचं तेव्हा येईल. अपूर्वाला पुढे जामीन मिळाला, नोकरी गेली. सेराफिनाला कामावर परत घेतलं. माफी कोणी मागितली नाही. ‘गैरसमज दूर झाला आहे’ असं देवेशने तिला फोनवर सांगितलं.

काही आठवड्यांनी प्रेमा जबाबाच्या कामासाठी परत त्या वॉर्डात गेली. ड्रॉवरमध्ये नारिंगीशिवाय रंग नव्हता. नवीन इन्चार्ज होती, दोन नवीन पोरी होत्या. पॅन्ट्रीचं दार बंद होतं आणि आतून डब्यांचा आवाज येत होता. सेराफिना वॉर्डात एकटीच होती.

“अजूनही?” प्रेमाने विचारलं.

“आता तर जास्त,” सेराफिना म्हणाली. “माझ्यामुळे अपूर्वा आत गेली म्हणतात.”

“तुमच्यामुळे? शुद्धीवर आहेत का त्या?”

“जाऊ द्या मॅडम. मलाही कधीकधी तसंच वाटतं. त्या दिवशी ‘कोणी दिली’ एवढं विचारलं असतं, तर ती मला सांगून गेली असती. मी तिला घाबरले नव्हते. तिचा चांगुलपणा जाईल म्हणून घाबरले.”

प्रेमाला नुसता संताप आला आणि तो कोणावर काढावा ते कळेना.

सेराफिनाने ट्रे उचलला. त्यात नारिंगी टोपीची सुई भरून ठेवलेली होती. ती पॅन्ट्रीपाशी गेली, दार ढकललं.

“जेवायला नका बोलावू,” ती म्हणाली. “सुईला या.”

आत डब्यांचा आवाज थांबला. कोणी उठलं नाही. सेराफिना तिथेच उभी राहिली. वर लेडीज वॉर्डात जायचं तिने बंद केलं होतं.

मग एक खुर्ची सरकली. टिना बाहेर आली, तोंडातला घास चावत. तिने बाटली हातात घेऊन वाचली, सुई उजेडात धरली, आकडा बघितला, टोपी बघितली.

“बरोबर,” ती म्हणाली.

सेराफिनाकडे न बघता ती परत आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

सेराफिना तोवर गुणाजीच्या खाटेपाशी पोचली होती. तिथे नवा पेशंट होता.

“पूर्ण नाव सांगा,” ती म्हणाली.